फणसवाडी ते ग्वालिया टँक : अण्णांबरोबर तीन दिवस

माझे वडील, म्हणजे अण्णा, कऱ्हाडजवळच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं इतिहास शिकवत होते. दर ९ ऑगस्टला प्रार्थनेनंतर १९४२ च्या 'छोडो भारत'वर त्यांचं भाषण ठरलेलं. मुंबईतलं ग्वालिया टँकचं मैदान, गांधीजींची रात्रीची सभा, 'करेंगे या मरेंगे', पहाटेची धरपकड. मीही त्याच शाळेत होते, त्यामुळे ते भाषण मी सहा वेळा ऐकलंय. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या स्वरयंत्रावरची गाठ काढली. गाठ साधी निघाली ही देवाची कृपा, पण आवाज काही पूर्ण परत आला नाही. आता ते कुजबुजल्यासारखं बोलतात, दोन-चार वाक्यांनी थांबतात आणि मग खिशातल्या छोट्या वहीत पेन्सिलीने लिहून दाखवतात. जुलैमध्ये शाळेतून नेहमीप्रमाणे बोलावणं आलं. त्यांनी नाही म्हणून कळवलं, आणि संध्याकाळी वही माझ्यापुढे सरकवली. "ज्या मैदानाबद्दल चौतीस वर्षं बोललो, ते पाहिलेलं नाही. नेशील?"

मी बँकेत तीन दिवसांची रजा टाकली.

पहिला दिवस, ७ ऑगस्ट

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटीला उतरलो आणि टॅक्सीने आत्याकडे गेलो. आत्या फणसवाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लाकडी जिना, मधोमध झिजलेल्या पायऱ्या, समोर लांबलचक गॅलरी आणि पावसामुळे गॅलरीभर आडवे-तिडवे वाळत घातलेले कपडे. तिने दार उघडलं आणि अण्णांचा हात धरून म्हणाली, "दादा, तू नुसती मान डोलव. बोलायचं काम माझं." पुढचे तीन दिवस तिने हे काम अगदी मनापासून केलं.

थालीपीठ आणि लोण्याचा गोळा संपेपर्यंत अण्णांनी वहीत दिवसाचा बेत लिहून ठेवला होता. गिरगाव ते हायकोर्ट, पायी. १८९१ मध्ये विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी काही महिने गिरगावात राहत होते आणि रोज चालत हायकोर्टात जायचे. त्यांनी आत्मकथेत लिहिलंय की जायला पाऊण तास लागायचा. ट्रामचे पैसे वाचायचे, आणि मित्र आजारी पडत असताना आपण धडधाकट राहिलो, असं ते म्हणतात. आम्हाला सव्वा तास लागला. अण्णा शहात्तर वर्षांचे आहेत, आणि ठाकूरद्वारला असा काही पाऊस आला की अर्धा तास एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहावं लागलं. दुकानदाराने काही न विचारता आतलं स्टूल बाहेर आणून अण्णांना दिलं.

धोबीतलावला स्मॉल कॉज कोर्ट लागतं. आत्ताची दगडी इमारत गांधीजींच्या त्या दिवसांनंतरची, पण मुंबईत त्यांनी घेतलेला पहिला खटला स्मॉल कॉज कोर्टातच उभा राहिला होता. मामीबाईंचा खटला. फी तीस रुपये. दलालाला कमिशन द्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. उलटतपासणीला उभे राहिले आणि डोकं गरगरलं, कोर्टच फिरतंय असं वाटलं, तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले. आपल्याकडून हे होणार नाही, पटेलांना वकील करा, असं सांगून त्यांनी फी परत केली. पटेलांनी एक्कावन्न रुपयांत ते काम लीलया उरकलं. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, काहीही न लपवता.

अण्णा फाटकासमोर बराच वेळ थांबले. काळे कोट घातलेले तरुण वकील छत्र्या झटकत आत जात होते. एकाचे बँड भिजून कॉलरला चिकटले होते आणि तो जिन्याखाली उभा राहून कागदावरची वाक्यं पुटपुटत होता. अण्णांनी मला कोपराने खुणावून तो दाखवला.

समोरच्या बाजूला इराण्याकडे बन-मस्का आणि पानीकम चहा घेतला. अण्णांसाठी चहा बशीत ओतून निववून दिला, कारण गरम त्यांना चालत नाही. तिथे मी त्यांना त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट वाचून दाखवली. ती त्यांना पाठ होती तरी. वकिली चालेना म्हणून गांधीजींनी एका शाळेच्या जाहिरातीवर अर्ज केला होता. इंग्रजीचा शिक्षक हवा, रोज एक तास, पगार पंचाहत्तर रुपये. मुलाखतीत कळलं की उमेदवार पदवीधर नाही. लंडनची मॅट्रिक आणि लॅटिन भाषा असूनही नोकरी मिळाली नाही. अण्णांनी वहीत लिहिलं, "त्या हेडमास्तरांचं चुकलं नाही. नियम होता." मग थोडं थांबून खाली, "पण मुलांचं नुकसान झालं."

पुढे ओव्हलच्या कडेने हायकोर्टापर्यंत गेलो. १८७८ ची ही इमारत मात्र त्यांनी पाहिलेलीच. तिथे बसून खटले ऐकताना आपल्याला डुलकी लागायची, हेही त्यांनी लिहिलंय.

तिथून टॅक्सीने अपोलो बंदर. गेटवेसमोर पर्यटकांची झुंबड होती, समुद्र मातकट झालेला, लाटा कठड्यावर फुटून अंगावर येत होत्या. ९ जानेवारी १९१५ ला गांधीजी आणि कस्तुरबा दक्षिण आफ्रिकेहून याच बंदरात उतरले. तेव्हा गेटवेचं नुसतं भूमिपूजन झालेलं होतं, कमान १९२४ मध्ये पूर्ण झाली. काठियावाडी पागोटं, अंगरखा आणि धोतर, अशा वेशात ते उतरले. माझ्या मनात मात्र त्याआधीचं एक निघणं घोळत होतं. ४ सप्टेंबर १८८८. एकोणिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं, आणि समुद्र ओलांडणार म्हणून मुंबईतल्या मोढ वाणी जातपंचायतीने त्यांना जातीबाहेर टाकलं होतं. जो त्याला मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड.

आणि त्या पंचायतीपुढे, एवढ्या वडीलधाऱ्यांसमोर, हा मुलगा न अडखळता बोलला होता. मी जाणारच, जातीने यात पडू नये, असं तोंडावर सांगून आला होता. मी अण्णांना म्हटलं, तिथे बोलता आलं आणि तीन वर्षांनी कोर्टात वाचा बसली, हे कसं? ते कठड्याला टेकून लाटांकडे पाहत होते. उत्तर रात्री मिळालं. जेवणं झाल्यावर, आत्या मांडीवर वाटाणे सोलत बसलेली असताना, त्यांनी वही पुढे केली. "पंचायतीत स्वतःचं म्हणणं होतं. कोर्टात भाड्याचं."

मी म्हटलं, मग १८९६ चं काय? तेव्हा ते दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची दैन्यावस्था सांगायला मुंबईत आले होते. सभागृह गच्च भरलेलं. फिरोजशहा मेहतांनी आधीच भाषण लिहून आणायला लावलं होतं. म्हणणं तर पूर्ण त्यांचं स्वतःचंच होतं. तरी वाचायला उभे राहिल्यावर अंग थरथरलं, आवाज खाली खाली जात राहिला, आणि शेवटी लोकांच्या हट्टावरून दिनशा वाच्छांनी ते भाषण वाचलं. अण्णा यावर बराच वेळ विचार करत राहिले. मग हसले, वही मिटली आणि झोपायला गेले.

*जाता जाता : कोर्टांच्या आवारात कामकाज चालू असतं, आत फोटो काढू नयेत. ऑगस्टमध्ये चालायचं असेल तर चामडी चपला नकोतच. माझ्या दुसऱ्या दिवशीही वाळल्या नव्हत्या.*

दुसरा दिवस, ८ ऑगस्ट

सकाळी चर्नी रोडहून ग्रँट रोडला लोकलने एक स्टेशन. स्लो लोकलच घ्या. दादर किंवा त्यापुढून येणारे हमखास फास्टमध्ये चढतात आणि चर्चगेटला पोहोचतात. पश्चिमेला उतरून गावदेवीकडे पंधरा मिनिटांत मणिभवन येतं. निघताना ऑपेरा हाऊसच्या बाजूला एका रस्त्यावर अवंतिकाबाई गोखल्यांचं नाव आहे. आत्याने त्या पाटीखाली थांबवून आम्हाला त्यांच्याबद्दल सांगितलं, आणि हे मला अजिबात माहीत नव्हतं. अवंतिकाबाई १९१७ मध्ये चंपारणला गांधीजींच्या हाताखाली खेड्यातल्या बायका-मुलांमध्ये काम करायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी गांधीजींचं मराठीतलं पहिलं चरित्र लिहिलं, १९१८ मध्ये, आणि त्याला प्रस्तावना लोकमान्य टिळकांची. त्याच वर्षी गिरगावात हिंद महिला समाज काढला. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हे नाव कुठेच कसं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. अण्णांनीही मान खाली घातली. चौतीस वर्षांत त्यांनीही ते घेतलं नव्हतं.

मणिभवन लॅबर्नम रोडवर आहे. दोन मजली, लाकडी नक्षीच्या गॅलऱ्यांचं घर. गांधीजींचे स्नेही रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचं ते घर, आणि १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथेच उतरायचे. तळमजल्यावर वाचनालय. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली, काचेपलीकडे जशीच्या तशी ठेवलेली. पांढरी गादी, लोड, बैठं मेज, चरखे. एवढंच. कोपरे रिकामे. आमच्या आधी आलेलं एक कुटुंब तीन मिनिटांत फोटो काढून गेलं. अण्णा काचेपुढे जमिनीवरच मांडी घालून बसले. सुरक्षारक्षकाने पाहिलं, काही बोलला नाही, उलट येणाऱ्यांना त्यांच्या बाजूने जायला सांगत राहिला.

या खोलीत १९१९ च्या सुरुवातीला गांधीजी आजारी पडून होते. शस्त्रक्रिया झालेली, अशक्तपणा, आणि दूध न पिण्याचं व्रत. डॉक्टर दलाल म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं, मग शेळीचं घ्यायला काय हरकत आहे? त्यांनी घेतलं, आणि व्रताचे शब्द पाळले तरी त्याचा आत्मा मोडला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. आत्या ऐकून म्हणाली, "बाईने नवऱ्याचा जीव वाचवला, आणि हे टोचणी घेऊन बसले." माझंही मत आत्याच्या बाजूने आहे.

इथेच चरख्याचा आवाज त्यांच्या आजारपणात खोलीभर गुणगुणत राहिला, आणि आपल्याला बरं करण्यात त्या गुणगुणण्याचा वाटा मोठा आहे, असं ते म्हणतात. कापूस पिंजायचे पहिले धडेही त्यांनी मणिभवनवरून जाणाऱ्या एका पिंजाऱ्याकडून घेतले. पिंजारी हा शब्द वाचल्याबरोबर अण्णांचा चेहरा बदलला. आमच्या गावात दिवाळीआधी पिंजारी यायचा, हे मीही पाहिलंय. खांद्यावर माणसाएवढी ती धनुकली, ताणलेली तात, आणि लाकडी मुठीने तातीवर ठोका मारला की ट्यंव-ट्यंव असा आवाज. ओसरीवर गाद्यांचा जुना कापूस पसरलेला असायचा, तो गठ्ठ्या-गठ्ठ्यांचा, काळपट. तात त्यात बुडवून ठोके मारले की तो हळूहळू फुगत जाई, सरकी-कचरा खाली गळे, आणि घटकाभरात गुडघ्याएवढा पांढरा ढीग होई. पिंजाऱ्याच्या पापण्यांवरसुद्धा कापूस. आम्ही पोरं गल्लीच्या तोंडाशी तो आवाज ऐकला की धावायचो. अण्णांनी काचेसमोर बसल्या बसल्या दोन्ही हात उचलून तात ओढल्यासारखं केलं आणि ओठांनी तो आवाज काढला. ऑपरेशननंतर इतका मोठा आवाज मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. सुरक्षारक्षकही हसला. तो विदर्भातला होता, त्याच्या गावीही पिंजारी येत असे.

बाजूच्या दालनात लहान लहान बाहुल्यांचे देखावे आहेत, गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग मांडलेले. एका महापालिका शाळेची पोरं आली होती, त्यांचा जीव या देखाव्यांत रमला. दांडीच्या देखाव्याशी एका मुलीने अण्णांना विचारलं, "आजोबा, हे मीठ विकत का नाही घेतलं?" अण्णांनी वही काढली. मुलीने ते लिहिलेलं मोठ्याने वाचलं, आणि बाकीची पोरं गोळा झाली. मग अण्णा लिहायचे, ती वाचायची. इतकी घाई झाली की पेन्सिलीचं टोक मोडलं. त्यांच्या बाईंनी आपलं पेन दिलं. वीस मिनिटं तो वर्ग चालला. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ ला मुंबईत सत्याग्रह्यांनी बंदी असलेली पुस्तकं रस्त्यावर विकली, त्यात गांधीजींचं 'हिंद स्वराज' होतं. किंमत चार आणे, पण चार आण्यांवर थांबणारा विरळा, आणि एका प्रतीला तर कोणी पन्नास रुपये दिले, हे ऐकून एका मुलाने "पन्नास?" असा प्रश्न तीनदा विचारला. सरकारने नंतर म्हटलं, ही नवी आवृत्ती आहे, हिच्यावर बंदीच नाही! तुरुंगात जायला निघालेल्या लोकांचा फार हिरमोड झाला.

वाचनालयात बसलो तेव्हा अण्णांनी मला आणखी एक नोंद करायला सांगितली, ती इथे करते. १४ ऑगस्ट १९३१ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि गांधीजी यांची पहिली भेट याच घरात झाली. भेट गोडीत झाली नाही. या घराचं मोठेपण सांगणाऱ्याने ही भेट वगळू नये, असं अण्णा वर्गातही सांगायचे. पावणेपाच महिन्यांनी, ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे, वरच्या गच्चीत तंबूत झोपलेल्या गांधीजींना अटक झाली. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग पत्नीसह इथे येऊन राहिले. हे सगळं एका स्नेह्याच्या घरात घडलं. मुंबईत त्यांचं स्वतःचं घर नव्हतंच.

*जाता जाता : सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर गर्दी कमी. जिने अरुंद आहेत, ज्येष्ठांबरोबर सावकाश चढा. किमान दोन तास हाताशी ठेवा.*

दुपारी ठाकूरद्वारला मिसळ खाल्ली. अण्णांना तिखट चालत नाही, त्यांनी दहीभात आणि पियूष घेतलं.

संध्याकाळी पाचला ग्वालिया टँक, म्हणजे आत्ताचं ऑगस्ट क्रांती मैदान. एकेकाळी गवळी गुरं धुवायला आणायचे तो तलाव. तलाव आता दिसत नाही, नाव राहिलं. शेजारीच गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत २८ डिसेंबर १८८५ ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं होतं, बहात्तर प्रतिनिधींचं. म्हणजे जिथे सुरुवात झाली, त्याच्या हाकेच्या अंतरावर 'छोडो भारत'. 'क्विट इंडिया' हे शब्द सुचवले यूसुफ मेहेरअलींनी, ते त्या वर्षी मुंबईचे महापौर होते.

मी कल्पना केली होती त्यापेक्षा मैदान लहान निघालं. एका बाजूला बाग, एका बाजूला चिखलात फुटबॉल खेळणारी मुलं, स्मारकापाशी उद्याच्या कार्यक्रमासाठी मांडव घालणारी माणसं. बांबू सुतळीने करकचून बांधत एक जण वर चढला होता. रिमझिम चालूच. अण्णा फाटकातून आत आले, दहा पावलं चालले आणि थांबले. कुठल्या तरी बाकावर बसवावं म्हणून मी हात धरला तर त्यांनी सोडवून घेतला.

१९४२ च्या ८ ऑगस्टला ठराव मंजूर झाल्यावर रात्री गांधीजी उभे राहिले. बहात्तर वर्षांचे. आधी हिंदुस्तानीत बोलले, मग इंग्रजीत. मामीबाईंच्या खटल्यात ज्यांची वाचा बसली, वाच्छांच्या हाती कागद द्यावे लागले, ते. आजपासून प्रत्येकाने स्वतःला स्वतंत्र समजावं, असं ते म्हणाले. एक छोटासा मंत्र देतो, हृदयावर कोरून ठेवा, असं म्हणाले. करेंगे या मरेंगे.

मला वाटलं होतं अण्णा इथे काहीतरी बोलतील. ते नाही बोलले. मांडव बांधणाऱ्यांपैकी म्हाताऱ्या माणसाने विचारलं, "काका, कुणाला शोधताय?" आत्या पटकन म्हणाली, "नाही हो, आमचे दादा मास्तर आहेत, मैदान बघायला आलेत." तो माणूस हातातलं काम ठेवून खाली उतरला आणि त्याने अण्णांना नमस्कार केला. मास्तर म्हटल्यावर केला असावा.

तिसरा दिवस, ९ ऑगस्ट

सकाळी सातलाच गिरगाव चौपाटी, टिळकांच्या पुतळ्यापाशी. इथून ग्वालिया टँकपर्यंत दर वर्षी मूकफेरी निघते. घोषणा नाहीत, भाषणं नाहीत, माणसं नुसती चालतात. १९४२ मध्ये तुरुंगात गेलेले डॉ. जी. जी. पारीख नव्वदी उलटल्यावरही यायचे, असं शेजारच्या एका कार्यकर्त्या बाईंनी सांगितलं. जागाही साधी नाही. १ ऑगस्ट १९२० ला लोकमान्य गेले, त्यांच्या अंत्ययात्रेत गांधीजींनी खांदा दिला आणि इथेच वाळूत अग्नी दिला गेला. असहकाराची सुरुवातही त्याच तारखेची.

अण्णांनी खादीचा पांढरा सदरा घातला होता, वर रेनकोट. फेरीत फार लोक नव्हते. कॉलेजची काही मुलं, पांढऱ्या टोप्या घातलेले वयस्क, एक आई कडेवर मूल घेऊन. सगळे गप्प. ज्या मेळाव्यात कुणालाच बोलायचं नाही तिथे अण्णा इतरांसारखेच एक होते. वही त्यांनी खिशातून काढलीच नाही.

विल्सन कॉलेजसमोरून जाताना मला उषा मेहता आठवल्या. इथे शिकल्या, पुढे इथेच राज्यशास्त्र शिकवलं. ९ ऑगस्टच्या पहाटे बिर्ला हाऊसमधून गांधीजींना आणि त्यांचे सचिव महादेवभाई देसाईंना उचललं. संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत त्यांच्याऐवजी मी बोलेन, असं कस्तुरबांनी जाहीर केलं, तर त्यांनाही पकडलं. ग्वालिया टँकवर अरुणा असफ अलींनी झेंडा फडकावला, अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. पुढारी सगळे गजांआड, वर्तमानपत्रांवर बंधनं, आणि अशा वेळी बावीस वर्षांच्या उषाबेन आणि त्यांच्या सोबत्यांनी चोरून रेडिओ चालवला. ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानात कुठूनतरी'. पकडले जाऊ नये म्हणून जागा बदलत राहायच्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस आले. चार वर्षं तुरुंग. त्या पुढे मणिभवनच्या अध्यक्ष झाल्या. २००० सालच्या ९ ऑगस्टला अंगात ताप असताना त्या क्रांती मैदानावर आल्या आणि दोन दिवसांनी गेल्या.

मैदानावर पोहोचलो तेव्हा बंदोबस्त, गाड्या, हारांचे ढीग. आत सोडायला वेळ लागला. *तुम्हाला शांतपणे पाहायचं असेल तर आदल्या संध्याकाळी या, किंवा ९ तारखेला अकरानंतर.* कालचा म्हातारा मांडववाला दोरीपलीकडे होता. त्याने अण्णांना ओळखून हात केला.

गाडी रात्रीची, म्हणून दुपारी अण्णांनी काळबादेवीला जायचा हट्ट धरला. बाबू गेनूची जागा बघायची. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा पोरगा, मुंबईत गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० ला विलायती कापडाने भरलेली लॉरी अडवायला तो रस्त्यात आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. बावीस वर्षांचा होता. अण्णा म्हणायचे, गांधी कळायचे असतील तर बाबू गेनू आधी वाचा. हातात काठीसुद्धा नव्हती.

काळबादेवीत पावसानंतरची ती गर्दी. हातगाड्या, डोक्यावर कापडाचे तागे घेतलेले हमाल, हॉर्न, "साइड, साइड" अशी ओरड. मोबाईलचा नकाशा गल्ल्यांत गोंधळला आणि आत्या नेमकी मागे साड्यांच्या दुकानात अडकलेली. अण्णांनी एका हमालाला थांबवलं आणि स्वतः विचारलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं. मी पुढे होणार तर अण्णांनी हाताने मला अडवलं. हमालाने हातगाडी टेकवली, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि वाकून आपला कान अण्णांच्या तोंडाशी नेला.

"बाबू गेनू," अण्णा म्हणाले. "कुठे पडला तो?"

"या माझ्यामागं," हमाल म्हणाला, आणि गाडी पुन्हा उचलून गर्दीतून वाट काढू लागला.